'अवघड माणूस' ठरवतो कोण? नेतृत्वावरील एका व्याख्यानाच्या निमित्ताने

सह्यकडा (धागालेखिका)

गेल्या महिन्यात आमच्या बांधकाम कंपनीने सर्व साइट इन्चार्ज आणि अभियंत्यांसाठी एका प्रेरणादायी वक्त्याचे व्याख्यान ठेवले होते. विषय होता 'नेतृत्व आणि अवघड माणसे'. वक्त्यांची वाणी ओघवती होती आणि दोन तास सभागृहातून कोणी उठले नाही, हे मी आधीच मान्य करते. शेवटी त्यांनी प्रत्येकाच्या हाती एक कोरी चिठ्ठी दिली, कामावर आपल्याला सर्वांत जास्त त्रास देणाऱ्या माणसाचे नाव तिच्यावर लिहायला सांगितले आणि मग ती फाडून टाकायला लावली, म्हणजे त्या माणसाचा आपल्या मनावरचा ताबा सुटतो.

मी आमच्या क्वालिटी इंजिनिअरचे नाव लिहिले. शेजारच्या सहकाऱ्याच्या चिठ्ठीवरही तेच नाव होते.

चिठ्ठी फाडताना मला पावसाळ्याआधीचा एक दिवस आठवला. चौथ्या मजल्याचा स्लॅब भरणे चालू असताना त्याने काँक्रीटचा एक ट्रान्झिट मिक्सर परत पाठवला होता. गाडी वाहतुकीत अडकून उशिरा आली होती, माल घट्ट होऊ लागला म्हणून चालकाने वाटेत ड्रममध्ये पाणी सोडले होते, आणि काँक्रीट किती पातळ आहे हे तपासण्याचा स्लम्पचा शंकू वर उचलताच काँक्रीट पातळ खिरीसारखे पत्र्यावर पसरले. पंप थांबला, माणसे बसून राहिली, ठेकेदाराने आवाज चढवला आणि मीही त्याला सर्वांदेखत सुनावले की थोडे जुळवून घेतल्याशिवाय कामे होत नाहीत. त्याने एवढेच उत्तर दिले की आज घातलेले पाणी 28 दिवसांनी ताकद तपासायला क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, फोडताना दिसेल. तो बरोबर होता, आणि तरीही 'त्रास देणारा' म्हणून मला त्याचेच नाव सुचले.

माझा आक्षेप हा आहे. अशा व्याख्यानांत अवघड माणूस कोण हे आधीच ठरलेले असते आणि पुढची सगळी चर्चा त्याला हाताळायचे कसे यावर होते. त्याचे म्हणणे खरे आहे का, हा प्रश्न त्या सभागृहात एकदाही विचारला गेला नाही. अमेरिकेचे 'चॅलेंजर' अंतराळयान 28 जानेवारी 1986 रोजी उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झाले आणि सात जणांचा जीव गेला. आदल्या रात्रीच्या दूरध्वनी बैठकीत यानाचे रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतील रॉजर बॉइजोली आणि त्यांचे सहकारी अभियंते कडाक्याच्या थंडीत रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या नीट बसणार नाहीत म्हणून उड्डाण नको असे सांगत होते. बॉइजोलींनी तर सहा महिने आधीच लेखी इशारा दिला होता. तरी त्यांच्याच कंपनीच्या व्यवस्थापनाने अखेर उड्डाणाला होकार कळवला. त्या बैठकीत कोणी चिठ्ठ्या वाटल्या असत्या, तर त्यांवर कोणाचे नाव आले असते?

नदीकाठ

ताई, आपला अनुभव प्रामाणिक आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. प्रत्येक अवघड माणूस बॉइजोली नसतो. मी एका कार्यालयात नऊ वर्षे अशा वरिष्ठांच्या हाताखाली काढली, जे टिपणी न वाचता अंगावर भिरकावत आणि रजेचा अर्ज पुढे केला की घरच्यांवरून बोलत. त्यात कोणतेही तत्त्व नव्हते, नुसता जाच होता. अशाच एका व्याख्यानात मी शिकले की अपमानाला त्याच क्षणी उत्तर द्यायचे नाही, तारीख आणि शब्द वहीत लिहून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी एका वाक्यात, शांतपणे, आपली हरकत सांगायची. त्या वहीमुळेच पुढे माझी तक्रार टिकली. ज्यांना घरी वा दारी कोणी हे शिकवलेले नाही, त्यांना दोन तासांचे व्याख्यानही आधार देते.

पाणवठा

मी विमान देखभालीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून एक भर घालतो. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानांची टक्कर होऊन 583 माणसे गेली. धावपट्टी मोकळी झालेली नाही की काय, अशी शंका त्यांपैकी केएलएम या डच कंपनीच्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. मुख्य वैमानिक कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होते, त्यांनी ती झटकली आणि इंजिनिअर पुन्हा बोलला नाही. अशा अपघातांच्या अभ्यासातून 1979 मध्ये नासाची कार्यशाळा झाली आणि 1981 पासून अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांना एकमेकांशी बोलण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण सुरू केले. त्याच कंपनीचे एक विमान 1989 मध्ये अमेरिकेतील सू सिटीजवळ विमानाचे नियंत्रण करणाऱ्या सर्व हायड्रॉलिक यंत्रणा निकामी होऊन कोसळले, तरी 296 पैकी 184 जण वाचले, आणि कप्तान अल हेन्स यांनी त्याचे मोठे श्रेय या प्रशिक्षणाला दिले. तेव्हा माणसांशी वागणे शिकवता येत नाही, असे कृपया म्हणू नये.

सह्यकडा

पाणवठा, शिकवता येत नाही असे मी म्हटलेले नाही, आणि आपल्याच उदाहरणाने माझा मुद्दा पक्का होतो. त्या प्रशिक्षणात कप्तानाला ऐकायला शिकवले आणि कनिष्ठाला ठामपणे पुन्हा बोलायला. सराव कॉकपिटच्या प्रतिकृतीत बसून करून घेतला आणि तो वरचेवर होत राहिला. आमच्या सभागृहात संचालक पहिल्या रांगेत सत्कारापुरते बसले आणि चहापूर्वी निघून गेले. ऐकण्याचा धडा ज्यांच्यासाठी होता, ते तिथे नव्हतेच.

नदीकाठ, आपली वही मला फार मोलाची वाटते. परंतु आपली तक्रार टिकली ती तारखांनिशी लिहिलेल्या पुराव्यावर आणि ती दाखल करून घेणारी व्यवस्था होती म्हणून. चिठ्ठी फाडली असती तर काय उरले असते?

नदीकाठ

वही लिहायचे धैर्य त्या व्याख्यानानेच दिले, यावर मी ठाम आहे. व्यवस्था आधीही होती, मीच तिच्या दारापर्यंत जात नव्हते. संचालक उठून गेले हा दोष संचालकांचा आहे, त्याचे माप वक्त्याच्या पदरात घालू नये. आपल्यालाही चिठ्ठी फाडतानाच त्या इंजिनिअरविषयी उमगले, हे आपणच लिहिले आहे.

सह्यकडा

शेवटचे वाक्य मला खोडता येत नाही. मात्र सभागृहातल्या बाकीच्या चिठ्ठ्या तशाच फाटल्या, याची रुखरुख आहे. सोमवारच्या साइट बैठकीत मी दोन गोष्टी करणार आहे. मिक्सर परत पाठवण्याचा निर्णय क्वालिटी इंजिनिअरचा राहील आणि त्यावर इन्चार्जची सही लागणार नाही, असे लेखी मागणार आहे. आणि सुनावले सर्वांदेखत होते, तेव्हा त्याची क्षमाही ठेकेदारासमोर, सर्वांदेखतच मागणार आहे.