सिव्हिलमध्ये डे-केअर केमो: खुर्च्या आल्या, आता पुढे?

तालुका_ते_जिल्हा

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सगळ्या जिल्हा रुग्णालयांत ३ वर्षांत डे-केअर कर्करोग केंद्रं (केमो घेऊन त्याच दिवशी घरी जायची सोय) काढायची घोषणा झाली. त्यातली २०० तर २०२५-२६ मध्येच व्हायची होती. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने कर्करोग उपचारांसाठी १८ रुग्णालयांची त्रिस्तरीय रचना आणि ती राबवायला ‘महाकेअर’ फाउंडेशन मंजूर केलं. कागदावर हे सगळं छान आहे. प्रत्यक्षात मात्र ‘डे-केअर’ म्हटलं की मेडिसिन वॉर्डाचा कोपरा, सहा रिक्लायनर खुर्च्या, एसी आणि उद्घाटनाची फीत एवढंच डोळ्यांसमोर येतं.

जाणकारांनी नेमकं सांगावं. कोणती केमो जिल्ह्यात द्यावी आणि कोणती देऊ नये? औषध कुठे मिसळायचं? योजनेत बसवताना काय अडतं? आणि रुग्ण घरी गेल्यावर रात्री ताप आला तर काय? धोरणावर टीका किंवा कौतुक नको, करायचं कसं ते हवं.

मात्रा_आणि_मिलिग्रॅम

पहिल्या दिवसापासून सगळंच करायला जाऊ नका. मोठं केंद्र निदान करेल, उपचारांचा आराखडा ठरवेल आणि पहिली मात्रा देईल; जिल्ह्याने पुढच्या फेऱ्या उचलायच्या, अशी वाटणी असेल तरच हे चालतं. स्तनाच्या कर्करोगाचं नेहमीचं उदाहरण घ्या. आधी डॉक्सोरुबिसिन-सायक्लोफॉस्फमाइडची ४ चक्रं आणि मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, १२ आठवडे. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर गेलं तर कातडी आणि खालचं मांस सडतं, म्हणून ती ४ चक्रं सुरुवातीला मोठ्या केंद्रातच होऊ द्या. पॅक्लिटॅक्सेलचे १२ आठवडे मात्र जिल्ह्यात आणा. बाईच्या मुंबईच्या १२ खेपा वाचतात, सोबतच्या माणसाची १२ दिवसांची मजुरी वाचते. तोंडाने घ्यायची कॅपेसिटाबिन, हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड, फुल्वेस्ट्रंट (हॉर्मोनविरोधी इंजेक्शन), जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन) ही तर उद्यापासून सुरू होतील, कारण त्यांना केमोसारखं मिसळण्याचं कॅबिनेट (हवा गाळणारं सुरक्षित कपाट) लागत नाही. (झोलेड्रॉनिकआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, आणि दात मात्र बघा.) रेडिएशनबरोबरची साप्ताहिक सिस्प्लॅटिन जिथे मशीन आहे तिथेच राहू द्या.

आता पॅक्लिटॅक्सेलचा हिशेब; मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते. उंची १५० सेंमी, वजन ४८ किलो. दोन्ही गुणून ३६०० ने भागायचं, येतात २. त्याचं वर्गमूळ १.४१ चौरस मीटर. दर चौरस मीटरला ८० मिग्रॅ, म्हणून त्याला ८० ने गुणलं की साधारण ११३ मिग्रॅ. औषध ६ मिग्रॅ/मिली असतं, म्हणजे जवळपास १९ मिली. हे २५० मिली सलाईनमध्ये घातलं तर तीव्रता ०.४५ मिग्रॅ/मिली येते, ०.३ ते १.२ च्या मध्ये हवी, म्हणजे बरोबर. ‘२५०ची संपली, ५००ची घ्या’ असं कुणी म्हणालं तर ती ०.२३ वर घसरते आणि खालची मर्यादा मोडते. वजन दर फेरीला करायचं, मागच्या कागदावरून उतरवायचं नाही.

दुसरी चूक आयव्ही सेटची. पॅक्लिटॅक्सेलचं द्रावक साध्या पीव्हीसी नळीतून प्लॅस्टिसायझर ओढून घेतं. त्यामुळे पीव्हीसी नसलेला सेट आणि ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर लागतो, बाटली काचेची किंवा पॉलिओलेफिनची. भांडाराकडे हे वेगळं इंडेंट केलं (मागणी नोंदवली) नाही तर नेहमीचाच सेट हातात येतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ॲलर्जी आली तर बहुधा पहिल्या १०-१५ मिनिटांत येते. तेवढा वेळ सिस्टर खुर्चीशेजारीच हव्यात, आणि ॲड्रिनॅलिन ट्रॉलीवर, कुलुपात नव्हे.

कॅबिनेटचा_धूर

कॅबिनेटवर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच अडकतो. केमो मिसळायला क्लास २ जैवसुरक्षा कॅबिनेट लागतं. निविदेत अनेकदा बी२ प्रकार लिहितात. त्यातली सगळी हवा बाहेर फेकावी लागते, म्हणजे छतापर्यंत डक्ट, वर पंखा, आणि तेवढीच ताजी हवा खोलीत यायला वाट. कॅबिनेट येतं, पण डक्टसाठी स्लॅब फोडायची परवानगी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे पडून राहते. मग कॅबिनेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आणि औषध खिडकीजवळच्या टेबलावर, असा प्रकार होतो. लॅमिनार फ्लोचं साधं बाक हा पर्याय नव्हे. ते हवा थेट मिसळणाऱ्याच्या तोंडावर फेकतं. ज्या खोलीत डक्ट शक्य नाही तिथे मोठ्या केंद्राने मिसळून पाठवलेल्या तयार बाटल्या घ्या किंवा मिसळावी न लागणारी औषधंच द्या.

वीज गेली की कॅबिनेट बंद पडतं, त्यामुळे ते जनरेटरच्या लाइनवर आहे ना ते बघा. सिरिंज ल्युअर-लॉकच (सुई फिरवून घट्ट बसणारी) हवी. साधी सिरिंज दाबाने सुईपासून सुटते आणि औषध उडतं. सांडल्यावर पुसायचा संच खोलीत टांगलेला असावा. सायटोटॉक्सिक (केमो औषधांचा) कचरा पिवळ्या पिशवीत जातो, पण त्यावर वेगळी खूण लावून. नेहमीच्या पिवळ्या पिशव्यांत मिसळून चालत नाही, त्याला १२०० अंशांपेक्षा जास्त तापमानाची भट्टी लागते. कचरा उचलणाऱ्या कंपनीच्या करारात हे लिहिलेलं आहे का, तेही तपासा.

गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या सिस्टरांची ड्यूटी मिसळण्यावर लावू नये. हे तक्त्यातच लिहून टाका, म्हणजे प्रत्येक वेळी कुणाला विनंती करत बसावं लागत नाही.

आरोग्यमित्र_काउंटर

योजनेबद्दल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे आणि ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. पण सिव्हिल योजनेत आहे म्हणजे केमोचे दावे चालतील असं नाही. रुग्णालयाच्या नावावर कर्करोगाची विशेषता नोंदलेली नसेल तर पोर्टलवर पॅकेजच दिसत नाही. खुर्च्या विकत घेण्याआधी ही नोंदणी करा.

केमोचं पॅकेज औषधाच्या आराखड्याप्रमाणे आणि चक्रागणिक असतं. मध्येच आराखडा बदलला की नवी पूर्वपरवानगी. बायोप्सीचा अहवाल, ट्यूमर बोर्डाचा (उपचार ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या बैठकीचा) निर्णय, त्या फेरीआधीचा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि केमो चार्ट एकत्र स्कॅन करून ठेवा. व्हायलची पाकिटं फेकू नका, दाव्याला त्यांचा पुरावा मागतात. बहुतेक शंका ‘ट्यूमर बोर्डाचा कागद नाही’ यावरच येतात. आठवड्यातून एकदा मोठ्या केंद्राशी व्हिडिओवर अर्ध्या तासाचा बोर्ड घेतला तर तो कागद सहज मिळतो.

प्रवासासाठीही रुग्णाला सांगा. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्याला स्लीपर आणि थ्री-एसीत १०० टक्के सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. विहित नमुन्यातला दाखला रुग्णालयानेच द्यायचा असतो. तो छापून काउंटरवर ठेवला नाही तर रुग्णाला त्यासाठी वेगळी चक्कर पडते.

खालच्या_मजल्यावरची_लॅब

वरच्यांचं सगळं बरोबर, पण बायोप्सीच चुकली तर पुढचं व्यर्थ. नमुना सलाईनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये पाठवणं अजूनही चालतं, ते बंद करा. १० टक्के बफर्ड फॉर्मेलिन, नमुन्याच्या दहापट. स्तनाच्या नमुन्याला ६ ते ७२ तास. मोठी गाठ तशीच बुडवली तर आतपर्यंत फॉर्मेलिन पोचत नाही, कारण ते तासाला साधारण मिलिमीटरभरच आत शिरतं. तिचे ५ ते १० मिमीचे काप करा. नाहीतर ईआर, पीआर, हर-२ (कोणता उपचार लागू पडेल हे सांगणाऱ्या चाचण्या) यांचे निकाल खोटे निगेटिव्ह येतात आणि बाईला वर्षानुवर्षं चालणारी हॉर्मोनची गोळी मिळतच नाही. नाव बाटलीवर लिहा, झाकणावर नको. झाकणं बदलतात.

रुग्ण पुढे पाठवताना नुसता अहवाल देऊ नका, ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) आणि स्लाइडही द्या.

मात्रा_आणि_मिलिग्रॅम

तापाचा प्रश्न राहिला होता. तोंडावाटे एकदा १०१ किंवा तासभर १००.४ फॅरनहाइट, आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली: ही तातडीची अवस्था. प्रतिजैविक एका तासात शिरेतून जायला हवं. प्रत्यक्षात रुग्ण गावातल्या डॉक्टरकडे जातो, पॅरासिटामॉलने ताप उतरतो आणि बारा तास जातात. म्हणून प्रत्येकाला मराठीत एक कार्ड द्या: केमो चालू आहे, ताप आला तर गोळी नको, थेट कॅज्युअल्टी. आणि कॅज्युअल्टीच्या भिंतीवर दुसरा कागद: सीबीसी, ब्लड कल्चर, मग प्रतिजैविक पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम, अहवालाची वाट न बघता. रात्रीच्या ड्यूटीवरच्या इंटर्नला हे ठाऊक नसेल तर डे-केअर दिवसाच्या वेळेपुरतंच सुरक्षित.

तालुका_ते_जिल्हा

धन्यवाद, बरंच स्पष्ट झालं. पण केमोआधीच्या सीबीसीसाठी आदल्या दिवशी बोलवायचं म्हणजे पुन्हा दोन खेपा होत नाहीत का?

आरोग्यमित्र_काउंटर

नाही होत. आदल्या दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त द्यायचं आणि अहवालाचा फोटो डे-केअरच्या फोनवर. न्यूट्रोफिल १००० च्या खाली असतील तर साधारणतः तो आठवडा पुढे ढकलतात, मग रुग्णाला घरीच कळवायचं. एसटीत बसल्यावर नव्हे. हा फोन कुणा एकाच्या खिशात नको, डे-केअरच्या टेबलावर हवा.

कॅबिनेटचा_धूर

आणि तीव्र वेदनांसाठीचं मॉर्फिन विसरू नका. २०१४ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यातील दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेचा एकच दर्जा पुरतो, पूर्वीसारखे वेगवेगळे परवाने गोळा करावे लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकांकडे अर्ज करायचा. केंद्राच्या कामाबरोबरच तो टाका, आणि मॉर्फिनच्या गोळीबरोबर बद्धकोष्ठता टाळायला रेचक लिहायला सांगा.