जुन्या गेममध्ये रंग भरलेत? तुमचा अनुभव सांगा

मे महिन्यात रत्नागिरीला घरी गेलो तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत माझा पहिला गेम बॉय (हातात धरून खेळायचं गेमयंत्र) सापडला. १९८९चं मॉडेल, हिरवट पडदा, चारच छटा. इतकी वर्षं खारी हवा खाऊनही चालू झाला! या खेळांना रॉम (गेमची फाइल) हॅक करून कुणी रंग चढवलाय का? कुठे अडलात, कसं सुटलं, सविस्तर लिहा. पॅच (फक्त बदलांची फाइल) द्या, रॉमच्या लिंका नकोत.

माझ्यापासून सुरुवात. टेट्रिस घेतला, कारण अख्खा गेम ३२ केबीचा. हेडरमधला (रॉममधला गेमची माहिती देणारा भाग) १४३ क्रमांकाचा (हेक्स, म्हणजे सोळाच्या पद्धतीतला) बाईट ००चा ८० केला की गेम बॉय कलर, म्हणजे नंतरचं रंगीत मॉडेल, त्याला रंगीत गेम समजतं. केला, तर पडदा पांढराफटक! रंगीत मोडमध्ये पार्श्वभूमीचे आठही पॅलेट (रंगांचे संच) सुरुवातीला पांढरेच असतात, ते आपण भरायचे. भरले. मग प्रत्येक ८×८ ठिपक्यांच्या टाइलचा पॅलेट कोणता, हे व्हिडिओ रॅमच्या (पडद्याच्या मेमरीच्या) दुसऱ्या बँकेत, म्हणजे कप्प्यात, लिहायचं. पडणारा ठोकळा स्प्राइट (पार्श्वभूमीवर सुटं हलणारं चित्र) असतो, खाली टेकला की पार्श्वभूमीची टाइल होतो, म्हणून रंग दोन ठिकाणी सांगावा लागतो. तेही जमलं. पण ओळ भरून गेली की वरचे ठोकळे खाली यायचे आणि रंग जागच्या जागीच! लाल ठोकळा एक घर उतरला की पिवळा. टाइलबरोबर रंगही सरकवायला दोन आठवडे लागले. जमलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. आईला उठवून दाखवलं.

गुहागरहून उत्तर : हेडर बदललात की १४डी (हेक्स) वरचा चेकसम (हेडरच्या बाईटांचा पडताळा आकडा) पुन्हा काढा, विसरू नका. माझ्या इम्युलेटरवर (गेम बॉयची नक्कल करणारा प्रोग्राम) सगळं सुरळीत चाललं, खऱ्या गेम बॉय कलरमध्ये मात्र लोगोपाशीच थांबलं. पावसाळ्यात आमच्याकडे कशालाही गंज चढतो, म्हणून मी कार्ट्रिजच्या पिनाच पुसत बसले, दोनदा. चूक त्या एका बाईटची होती.

मालवणहून उत्तर : मी एका होडीच्या गेमला रंग देतोय. मॉनिटरवर बघून पाण्याला झक्क निळा दिला. गेम बॉय कलरच्या पडद्यामागे दिवा नसतो, त्यामुळे तिथे तोच रंग काळपट दिसला. पडवीत उजेडाला धरून बाबांना दाखवला. त्यांचा जन्म होडीवर गेलाय. म्हणाले, "पावसाच्या तोंडार दर्याचा पाणी असा आसता?" मग त्यांनाच शेजारी बसवलं. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाचा आकडा ० ते ३१. मी आकडा फिरवायचो, पॅच कार्ट्रिजवर चढवायचो, ते पडद्याकडे आणि मग खाडीच्या तोंडाकडे बघून मान हलवायचे. अकराव्या खेपेला म्हणाले, "हां, ह्यो!"

लाल ६, हिरवा १५, निळा १३.