सल्ला हवा: २००४ ची जिप्सी घरच्या घरी सुधारायची आहे, सुरुवात कुठून करू?

वाईचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आता अडलं म्हणून धागा काढतोय.

दिवाळीच्या आधी मारुती जिप्सी घेतली. २००४ ची, १३०० सीसी एमपीएफआय (कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणारं इंजिन), कापडी हूडवाली. एक लाख बारा हजार किलोमीटर चालली आहे म्हणे (मीटर खरं बोलतोय असं धरून). पासिंग २०२९ पर्यंत आहे. इंजिन पहिल्या सेल्फला उठतं, फोर बाय फोर लागतो, लो पण लागतो. खटकतात त्या दोनच गोष्टी. साठच्या पुढे असताना खड्डा लागला की स्टिअरिंग असं थरथरतं की गाडी थांबवावीच लागते. आणि ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट कायम ओली असते.

बजेट दीड लाख. काम रविवारी, घरच्या अंगणात, मी आणि धाकटा भाऊ. दोघांना स्कूटर आणि ट्रॅक्टर उघडायची सवय आहे, चारचाकीची नाही.

मनातली यादी: दोन इंच लिफ्ट (गाडी तेवढी उंच करणं), २३५/७५ आर १५ टायर, पुढे स्टीलचा गार्ड आणि त्यात विंच (अडकलेली गाडी ओढणारी मोटर), वर एलईडी बार, बकेट सीट. वापर म्हणाल तर शेतावर जाणं (शेवटचे तीन किलोमीटर पावसाळ्यात नुसता चिखल) आणि महिन्यातून एखादी डोंगरातली वाट. आधी काय, मग काय?

जुनापाना

यादी वाचली. छान आहे. घडी घालून खिशात ठेवा, वर्षभराने काढा.

१९८५ च्या डिसेंबरात जिप्सी आली तेव्हा ९७० सीसीची होती. १९९३ ला दोन चाकांमधलं अंतर वाढलं, १९९६ ला १३०० सीसीची किंग आली, पुढे एमपीएफआय आलं. पण चासिस, चारही बाजूंचे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि पुढेमागे अखंड ॲक्सल हा सांगाडा तोच राहिला. त्यामुळे तुमच्या गाडीचे आजार आमच्या सगळ्यांच्या गाड्यांना होऊन गेलेत, औषधही ठाऊक आहे.

पहिला रविवार: एकही पार्ट विकत न घेता फक्त बघायचं. सगळ्या मॅट काढा. एक जाड स्क्रू-ड्रायव्हर आणि लहान हातोडी घ्या. पायाजवळचा पत्रा, बॉडी चासिसवर बसते त्या रबरांच्या आजूबाजूची जागा, मागच्या चाकावरच्या कमानीची आतली बाजू आणि चासिसचा अगदी मागचा आडवा तुकडा ठोकत जा. ठणठण वाजलं तर ठीक. भद्द आवाज आला तर तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबा. आरपार गेला तर वाईट वाटून घेऊ नका, आज कळलं हे बरं झालं.

ओल्या मॅटचं पाणी बहुतेक वरून येतंय. भावाला काचेवर नळीने पाणी मारायला सांगा, तुम्ही आत डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन आडवे व्हा. काचेच्या खालच्या रबरातून ओघळ दिसेल किंवा हूडच्या कडेतून. ते बंद केल्याशिवाय पत्र्याला हात लावण्यात अर्थ नाही.

आणि एक. जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. म्हणजे नाहीच. दोन चांगल्या घोड्या (जॅक स्टँड) घ्या, चाकामागे दगड लावा, मग आत शिरा. दीड लाखातला पहिला खर्च हाच.

मोजपट्टी

थरथरीबद्दल. गॅरेजवाला आधी बॅलन्सिंग करायला सांगेल, मग स्टिअरिंग डॅम्पर विकेल. डॅम्पर बसवला की थरथर दबते आणि झिजलेला पार्ट झिजतच राहतो. तो सगळ्यात शेवटी.

घरी करायची तपासणी: पुढचं एक चाक उचला. टायर वरून आणि खालून धरा, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आणि आतबाहेर हलवा. खुळखुळ जाणवली तर भावाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ गेली तर व्हील बेअरिंग. तशीच राहिली तर किंगपिन बेअरिंग, म्हणजे ज्यावर चाक डावीउजवीकडे वळतं ते. नंतर हात तीन आणि नऊवर ठेवून हलवा, तिथे ढिलेपणा असेल तर टाय रॉड एंडकडे बघा. शेवटी पाट्यांचे रबरी बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक चासिसला धरणाऱ्या पट्ट्या), त्यात पहार घालून हलवून बघायचं.

चाकाच्या आतल्या बाजूला जो गोल घुमट दिसतो त्यावर तेलाचा ओघळ आहे का? असेल तर ॲक्सलचं आतलं सील गेलंय. डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) ऑइल तिथे उतरतं, ग्रीस धुऊन काढतं आणि किंगपिन बेअरिंग कोरडं पडतं. मग नुसतं बेअरिंग बदलून सहा महिन्यांत परत तिथेच येता.

चहाबिस्कीट

लिफ्ट आणि विंच विचारायला आलेल्या माणसाला स्क्रू-ड्रायव्हर हातात दिलात. 😄 आमच्या वेळीही असंच झालं होतं. चालू द्या, मी बसलोय इथेच.

मोजपट्टी

@चहाबिस्कीट, मग आता टायरवर पण बोलून घेतो.

कंपनीचा २०५/७० आर १५ व्यासाला ६६८ मिलिमीटर भरतो. २१५/७५ घेतला तर ७०३. २३५/७५ घेतला तर ७३३. गाडी उचलली जाते ती व्यासाच्या फरकाच्या निम्मीच, म्हणजे २३५ घालूनही ॲक्सलखाली मिळतात ३३ मिलिमीटर. बदल्यात काय जातं? चाक जवळजवळ दहा टक्के मोठं झालं म्हणजे प्रत्येक गिअर दहा टक्के लांबला. मीटर ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६६ ला असाल. पसरणीचा घाट आज तिसऱ्यात चढत असाल तर उद्या दुसऱ्यात चढाल. ब्रेकलाही जड चाक थांबवायचंय. शिवाय पूर्ण वळवल्यावर टायर घासतो, म्हणून लिफ्ट, म्हणून लांब शॉकॉबसर, म्हणून लांब ब्रेक होज... एक टायर घेतला की मागोमाग सगळं वऱ्हाड येतं.

शेतातल्या चिखलासाठी २१५/७५ ऑल टेरेन पुरेल. गाडीचं वजन जेमतेम टनभर आहे, तेच तिचं बळ. चिखलात शिरण्याआधी हवा १८ पर्यंत उतरवा, डांबरी रस्त्याला लागण्याआधी परत भरा. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर घ्या, तो विंचपेक्षा शंभरदा जास्त वापराल.

आरसीवाला

रसभंगाबद्दल माफी, पण कोणीतरी बोलायला हवं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीत नोंदलेली आणि कंपनीने ठरवलेली रचना बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. पुढचा स्टीलचा गार्ड तर विसराच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. समोर पादचारी आला तर त्या गार्डचं काय होतं याचा विचार केला तर ते बरोबरच आहे. एलईडी बार रस्त्यावर लावून फिरलात तर समोरचा आंधळा होतो. अपघात झाला तर विमा कंपनी सर्वात आधी हेच फोटो काढते.

तुमची गाडी वीस वर्षांच्या पुढे गेली आहे. नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. वर पर्यावरण कर वेगळा. २०२९ ला गाडी फिटनेसला उभी करायची आहे हे डोक्यात ठेवून काम करा. जे बोल्ट काढून मूळपदावर आणता येतं ते करा. चासिसला कापाकापी किंवा वेल्डिंगने नवे ब्रॅकेट, हे नको.

जुनापाना

@आरसीवाला, पटत नाही असं नाही, पण तुम्ही बोललात की गाडी विकून टाकावीशी वाटते हो.

दूरदेशी_सिएरा

मेलबर्नहून. माझ्याकडे सुझुकी सिएरा आहे, म्हणजे तुमच्या जिप्सीची सख्खी बहीण. अमेरिकेत हिलाच सामुराई म्हणतात. सांगायचा मुद्दा असा की इंटरनेटवर 'जिप्सी' शोधून जितकं सापडेल त्याच्या कितीतरी पट सामुराईच्या नावाने सापडेल: किंगपिन कसं उघडायचं, शिम (पातळ चकत्या) कुठे जातात, सगळं फोटोंसकट. फक्त पार्ट मागवताना माप घेतल्याशिवाय मागवू नका. सामुराई आखूड आहे, जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी. पुढच्या ॲक्सलचं पुष्कळ जुळतं, प्रॉपेलर शाफ्टसारख्या लांबीच्या गोष्टी नाही.

लिफ्टबद्दल एक अनुभव. मी स्वस्तात उरकायला म्हणून लांब शॅकल घातले. पुढे लांब शॅकल घातले की ॲक्सल पुढच्या बाजूला कलतो, कॅस्टर (चाक सरळ धरून ठेवणारा कल) कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भटकायला लागते. आधीच थरथर असेल तर बघायलाच नको. दोन महिन्यांत काढून टाकले. इकडे ठरावीक उंचीच्या वर लिफ्ट केली तर इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं, ते कटकटीचं आहे पण त्यामुळे माझ्यासारख्यांचे हात आवरतात.

वाईचा_वाटसरू

बापरे, इतकं लिहिलंत. आभार.

रविवारी बघितलं. (१) ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रू-ड्रायव्हर आरपार. तळहाताएवढा भाग पापडासारखा. चासिस मात्र ठणठणीत. (२) पाणी काचेच्या खालच्या रबरातूनच. (३) डावं चाक ब्रेक दाबूनही हलतं, आणि घुमटावर तेल आहे. (४) पाट्यांचे बुश म्हणजे काळा चुरा. (५) रेडिएटरच्या नळीकडे बघत होतो तर लक्षात आलं, थर्मोस्टॅटच नाहीये. आधीच्या मिस्त्रीने काढलाय. "गरम होत नाही मग" असं विकणारा म्हणाला होता. ते चांगलं की वाईट?

जुनापाना

वाईट. आपल्याकडे गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट काढून फेकायची जुनी खोड आहे. एमपीएफआय इंजिन गार राहिलं की कॉम्प्युटरला वाटतं अजून सकाळच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात. आणि काढला का होता, तर बहुतेक रेडिएटर चोंदलेला आहे. तो रिकोअर करा (आतली जाळी बदलून घ्या), नवा थर्मोस्टॅट घाला, साधं पाणी नाही तर कूलंट भरा.

पत्र्याचं: सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, अठरा गेजचा तुकडा. वेल्डिंग घरी करणार नसाल तर पत्रेवाल्याला अंगणात बोलवा, मिग असलेला, गॅसवाला नको, पातळ पत्रा गॅसने वाकतो. त्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्लगही. पेट्रोलची नळी कुठून जाते ते स्वतः बघा, बादलीभर पाणी हाताशी ठेवा. नंतर वायर ब्रश, झिंक प्रायमर, जोडावर सीलर, रंग. गंजावर थेट काळा डांबरी थर मारून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा. त्या थराखाली पाणी अडकतं आणि दोन पावसाळ्यांत पत्रा आतून संपतो.

मोजपट्टी

किंगपिन उघडताना वरच्या आणि खालच्या शिम वेगळ्या डब्यांत, डबीवर नाव लिहून. दोन्ही बाजूंची बेअरिंग एकदम बदला, आतलं आणि बाहेरचं सीलही. घट्टपणा अंदाजाने नाही, स्प्रिंग काट्याने ओढून मोजायचा, आकडा मॅन्युअलमध्ये आहे. बेअरिंगचा बाहेरचा कप हातोडीने ठोकताना तिरका गेला तर बेअरिंगचं घरच खराब केलंत असं समजा. ते एवढं काम प्रेसवाल्याकडून करून घ्या, लाज वाटायचं कारण नाही.

ॲक्सल उघडलंच आहे तर ब्रेकही: मागचे व्हील सिलिंडर, पुढची होज, नवं ब्रेक ऑइल. आणि एक फुकटातली सुधारणा. दोन्ही डिफरन्शियलच्या ब्रीदरला (हवा येण्याजाण्याच्या भोकाला) रबरी नळी जोडून ती वर बॉनेटखाली न्या. तापलेलं डिफरन्शियल ओढ्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. ऑइल चहाच्या रंगाचं निघालं तर समजा पाणी गेलेलंच आहे.

चहाबिस्कीट

चहाचा रंग म्हणजे माझ्या चहाचा की टपरीवरच्या?

मोजपट्टी

दूध जास्त, पत्ती कमी.

आरसीवाला

एलईडी बारऐवजी एक वैध आणि स्वस्त उपाय. जुन्या जिप्सीत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून आणि वीस वर्षांच्या बारीक वायरीतून जातो. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे दहा अँपिअर, दिव्यापर्यंत पोचताना व्होल्टेज गळतं. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि दोन रिले घाला. बल्ब तेच, उजेड वेगळाच दिसेल. अर्थिंगचे बोल्ट घासून परत बसवा.

विंचचं म्हणाल तर पूर्ण ताणात तो तीनशे अँपिअरच्या पुढे ओढतो, तुमची बॅटरी तेवढी नाही. नाकावर पंचवीस-तीस किलो वजन कायमचं बसतं ते वेगळं. चासिसला बोल्ट केलेले हुक, चांगला पट्टा, तो अडकवायच्या दोन शॅकल (कड्या) आणि फावडं. ट्रॅक्टर घरचाच आहे ना तुमचा?

वाईचा_वाटसरू

ट्रॅक्टर घरचाच आहे, आणि आत्तापर्यंत त्यानेच दोनदा काढलंय. 🙈

पाच रविवार गेले. पत्रा झाला, काचेचं रबर नवं, रेडिएटर रिकोअर, थर्मोस्टॅट बसला. किंगपिन दोन्ही बाजूंचे केले. डाव्याचं खालचं बेअरिंग हातात घेतलं तर रोलरवर खड्डे. टाय रॉड एंड दोन. काल पाचगणीपर्यंत जाऊन आलो, उतरताना मुद्दाम खड्डे शोधले. स्टिअरिंग गप्प. भाऊ म्हणतो गाडी बदलून आणली का.

आत्तापर्यंत बजेटातले साठ हजारही गेलेले नाहीत. २१५/७५ चे टायर पुढच्या महिन्यात. लिफ्ट बाद, गार्ड बाद. बकेट सीटचा किडा अजून गेलेला नाही.

या रविवारी मागचे पाटे उतरवतोय, बुश बदलायला. पाटेवाला म्हणाला कमान थोडी बसली आहे, परत वाकवून एक जादा पाटा घालून देतो, दोन इंच आपोआप मिळतील. घालू का?

जुनापाना

कमान मूळ मापाला आणून घ्या, जादा पाटा नको. रिकामी गाडी बैलगाडीसारखी आपटेल आणि चिखलात चाक खाली सुटणार नाही. पाटे सुटेसुटे करून घासा, मधे ग्रीस लावा. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवेच घाला, जुने ताणलेले असतात. शॅकलचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी राहिल्यावर आवळा, हवेत असताना नाही, नाहीतर नवे बुश पिळून फाटतात. शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत एकदा टॉर्क पान्याने बघा.

सीट दोन बोल्टांवर नुसती उभी करू नका, बेल्टसकट मूळ जागेवर बसणारी मिळाली तर घ्या. फोटो टाका.