एक ओळ बदलली तरी मेक सगळा प्रोजेक्ट परत कंपाईल करतंय, काय करू?

प्रश्न:
सी प्लस प्लसचा जुना प्रोजेक्ट माझ्याकडे आलाय, ३५० च्या आसपास सोर्स फाइली, साधं जीएनयू मेक (बदललं तेवढंच परत कंपाईल करायचं साधन). एका फाइलीत एक प्रिंटएफ टाकला तरी सगळंच्या सगळं पहिल्यापासून कंपाईल होतं, २२ मिनिटं जातात. काल तर काहीच न बदलता लागोपाठ दोनदा मेक मारलं तरी तेच. मेकफाईल (मेकच्या नियमांची फाइल) ज्याने लिहिली तो सोडून गेलाय, हात लावायला भीती वाटते. कुठून सुरुवात करू?

उत्तर १:
काही न बदलता पण होतंय ना, मग सापडेल लवकर. मेकफाईल वाचत बसू नकोस, आधी मेकलाच विचार. मेक --ट्रेस चालव (४.० पासून आहे), -जे (एकाच वेळी अनेक कामं) काढून, नाहीतर ओळी एकमेकांत मिसळतात. कुठलं टार्गेट (बनवायची फाइल) कशामुळे चाललं ते दाखवतं. सगळ्यात वरचं कारण पकड, खालची त्याचीच पिल्लं असतात. आणि मेक फाइलीत काय लिहिलंय ते बघतच नाही, फक्त फाइलीची वेळ बघतं, १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमनने लिहिलं तेव्हापासून.

प्रश्नकर्ता:
केलं. सगळीकडे व्हर्जन.एच दिसतंय! दर बिल्डला त्यात गिटचा हॅश (कमिटची ओळखखूण) आणि तारीख-वेळ इको करून लिहितायत, ती कॉमन.एच मध्ये इन्क्लुड आहे आणि कॉमन.एच तर प्रत्येक फाइलीत.

उत्तर २:
तीच मेख आहे. आधी तात्पुरत्या फाइलीत लिही, सीएमपी -एस ने जुन्या फाइलीशी ताडून बघ, फरक असेल तरच एमव्हीने ती जुनीच्या जागी हलव. मजकूर तोच असेल तर फाइलीला हातच लावायचा नाही, म्हणजे वेळ तीच राहते आणि पुढचं काही हलत नाही. लिनक्स कर्नलच्या बिल्डमध्येही फाइलचेक म्हणून हेच करतात. फक्त तारीख-वेळ काढ त्यातून, ती दर वेळी वेगळीच येणार. हॅशसुद्धा प्रत्येक कमिटला बदलतो, म्हणून तो व्हर्जन.सीपीपी मध्ये टाक आणि व्हर्जन.एच मध्ये नुसतं एक्सटर्न (व्हेरिएबलची फक्त घोषणा) ठेव, मग एकच फाइल कंपाईल होईल आणि लिंकिंग (ऑब्जेक्ट फाइली जोडणं).

उत्तर ३:
वरचं बरोबर आहे, पण एक कळकळीने सांगतो, वेग पाहिजे म्हणून हेडरच्या डिपेन्डन्सी (कुठली फाइल कुठल्या हेडरवर अवलंबून ते) काढू नकोस. मी काढल्या होत्या. स्ट्रक्टमध्ये एक फील्ड मध्येच वाढवलं, अर्ध्या ऑब्जेक्ट फाइली नव्या आणि अर्ध्या जुन्या ऑफसेटच्या (फील्डच्या जागांच्या), लिंक मस्त झालं आणि प्रोग्राम भलत्याच फंक्शनमध्ये क्रॅश, दोन दिवस मी त्या फंक्शनमध्येच चूक शोधत होतो. कंपाईल करताना -एमएमडी -एमपी दे, जीसीसी (कंपाइलर) स्वतःच .डी फाइली, म्हणजे या डिपेन्डन्सींच्या याद्या, बनवतं, त्या मेकफाईलमध्ये -इन्क्लुड कर. आणि ऑब्जेक्ट फाइलींचं फोल्डर प्रीरिक्विझिटमध्ये (टार्गेटच्या आधी लागणाऱ्या गोष्टींत) असेल तर उभ्या रेघेच्या (|) पुढे टाक, म्हणजे त्याची वेळ बघितली जात नाही, नाहीतर आत नवीन फाइल आली की फोल्डरची वेळ बदलते आणि परत तेच रडगाणं. ब्रँच सारखी बदलत असशील तर सीकॅश (आधीचं कंपाईल जपून ठेवणारं साधन) लाव, गिट चेकआउटने फाइलींच्या वेळा बदलतात तेव्हा तो खरंच वाचवतो, पण आधी हे सगळं नीट कर, नाहीतर चूक झाकली जाईल.

प्रश्नकर्ता:
सीएमपीवालं केलं आणि हॅश वेगळ्या फाइलीत नेला. एक फाइल बदलून आता ४० सेकंद, त्यातला बराच वेळ लिंकिंगचाच! खूप खूप आभार सगळ्यांचे. .डी फाइली नव्हत्याच इथे, हेडरची यादी हाताने लिहिलीय आणि त्यात निम्मे हेडर नाहीतच, उद्या ते बसवतो.