गाडीला जीव असतो की नाही? सातपूरकरांच्या पोस्टला उत्तर

मोहदरी_घाट:
काल सातपूरकरांनी इथे लिहिलं की "गाडीचा आत्मा हा आकड्यांत हरलेल्यांचा शब्द आहे. इलेक्ट्रिक बतिस्ता १.८६ सेकंदांत ताशी शंभर किलोमीटर गाठते आणि ती महिंद्राच्या मालकीच्या कंपनीची आहे, म्हणजे अर्धी आपल्या नाशिकचीच. पेट्रोलवाल्यांनी आता जुन्या आठवणी उगाळत बसावं." रात्री वाचलं आणि झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक दुरुस्ती. बतिस्ता इटलीत काम्बियानोला बनते. आपल्या सातपूरमधून थार बाहेर पडते, तिचा अभिमान जरूर बाळगा, पण १,९०० अश्वशक्तीचं श्रेय एमआयडीसीला देऊ नका.

आता मुद्दा. कामासाठी दीड वर्ष इंग्लंडला होतो. तिथल्या सहकाऱ्याकडे माझदा एमएक्स-५ होती, अगदी पहिल्या पिढीतली. १९८९ साली आलेली ही गाडी. १.६ लिटरचं इंजिन, ११५च्या आसपास बीएचपी (अश्वशक्ती), वजन टनाच्या आत. शंभर गाठायला नऊएक सेकंद घेते, म्हणजे आजची कुठलीही टर्बो हॅचबॅक तिला सिग्नलवर सोडून जाईल. एका रविवारी स्नेक पास या डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्यावर त्याने चावी माझ्या हातात दिली. पन्नास-साठच्या वर गेलो नसेन. पण डांबर कुठे ओलं आहे, पुढची चाकं कधी सरकू लागतील, मागचं टायर कधी दबलं, सगळं तळहाताला आणि बुडाला कळत होतं. वीस मिनिटांनी उतरलो तेव्हा हात थरथरत होते, आणि ते भीतीने नव्हे.

हे आपोआप घडत नाही. त्या गाडीत गियरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची लांब चौकट आहे. पाय दाबला की मधे कुठे ढिलाई न राहता मागच्या चाकाला कळावं, एवढ्यासाठी. माझदाचे लोक याला 'जिनबा इत्ताई' म्हणतात, स्वार आणि घोडा एकजीव. आपल्याकडे त्यासाठी कधीपासून शब्द आहे: मांड. घोडा किती पळतो हा प्रश्न नंतरचा, आधी मांड बसली पाहिजे.

आणि आकडेच हवे असतील तर पोर्शेचे घ्या. २०१३च्या ९११ जीटी३ला त्यांनी फक्त पीडीके हा आपोआप बदलणारा गियरबॉक्स दिला, कारण तो मॅन्युअलपेक्षा जलद. गिऱ्हाईक भडकलं. २०१६ला मॅन्युअलवाली ९११ आर आली, फक्त ९९१ गाड्या, त्यावर उड्या पडल्या. २०१७ला जीटी३मध्ये मॅन्युअल परत द्यावा लागला. लोकांनी पैसे मोजून हळू गियरबॉक्स मागून घेतला. हे सगळे आकड्यांत हरलेले होते का?

सातपूरकर:
काम्बियानोची चूक मान्य. बाकी काहीही नाही.

चौदा वर्षं टेस्ट बेंचवर काढली आहेत मी. "तळहाताला कळलं" म्हणजे काय ते सांगतो. टायरला बाजूने जोर आला की तो रॅक आणि कॉलम या जोडदांड्यांमधून स्टिअरिंगवर येतो. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजता येतो. पाय दाबल्यापासून चाक हलेपर्यंतचा वेळ मिलिसेकंदांत मोजता येतो. तुमची अॅल्युमिनियमची चौकट म्हणजे तो वेळ कमी करायचा उपाय, आणि गाडीचं वजन हाही आकडाच. ज्याला तुम्ही जीव म्हणता तो तुम्ही न मोजलेला आकडा आहे. मी शून्य ते शंभरच लिहिलं हे माझं अपुरं लिहिणं, पण म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत.

शिवाय स्नेक पास इथे कुठून आणायचा? कुंभाच्या कामांनी शहर उकरून ठेवलंय. मी रोज पाथर्डी फाट्यावरून जातो, इलेक्ट्रिक घेतल्यापासून क्लच नाही, डावा पाय दुखायचा थांबला. मागच्या महिन्यात आईला मुंबईला नेलं. कसारा घाटात दोन कंटेनरना एका श्वासात मागे टाकलं आणि मागच्या सीटवर तिची झोप मोडली नाही. आधीच्या डिझेलमध्ये ती घाट लागला की देवाचं नाव घेत बसायची. मला हा जीव पुरेसा आहे.

जिप्सीवाला:
दोघांचंही अर्धवट आहे. मी रॅली ऑफ महाराष्ट्र या मोटार शर्यतीत सर्व्हिस क्रूमध्ये असायचो. हर्सूलकडच्या मातीच्या रस्त्यावर पहाटे पाचला उभं राहिलात तर जिप्सी दिसायच्या आधी ऐकू येते. आमचा ड्रायव्हर शर्यतीच्या एका टप्प्यावरून, स्टेजवरून, आला आणि गाडीतून न उतरता म्हणाला, "मागचं उजवं बेअरिंग खराब होतंय." आम्ही चाक हलवून पाहिलं, काही नाही. त्याने हट्टाने उघडायला लावलं. निघालं की हो. कुठल्या मीटरवर ते दिसत नव्हतं. गाडी त्याच्याशी बोलत होती आणि तो ऐकत होता, वीस वर्षं ऐकत होता. आवाज गेला की गाडी मुकी झाली. मुक्या जनावरालाही जीव असतो म्हणाल, पण ते हंबरतं तरी.

सातपूरकर:
त्या बेअरिंगवर कंपन मोजणारा सेन्सर असता तर स्टेज सुरू व्हायच्या आधी कळलं असतं.

जिप्सीवाला:
कळलं असतं. लॅपटॉपला. ड्रायव्हरला नाही. तुम्ही बेंचवरच राहा.

कॉलेजरोड_९:
जिप्सीवाले काका एकदम बरोबर. आवाज हाच जीव. लेक्सस एलएफए बघा, ४.८ लिटरचं दहा सिलिंडरचं व्ही१० इंजिन, जागेवर नुसतं चालू असताना ते ९,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ०.६ सेकंदांत जातं. काटा पोचू शकत नाही म्हणून फेरे दाखवणारा टॅकोमीटर डिजिटल लावावा लागला. आवाजावर यामाहाने काम केलं, वाद्यं बनवणाऱ्या कंपनीने! ५०० गाड्याच बनल्या. मी तेवढं करू शकत नाही, पण माझ्या हॅचबॅकला पूर्ण एक्झॉस्ट बदलून घेतला, अडतीस हजार गेले. पहिल्यांदा गंगापूर रोडला तिसऱ्या गियरमध्ये सोडली तेव्हा अंगावर काटा आला. तीच गाडी, तेवढीच पॉवर, पण त्या दिवशी ती माझी झाली.

गंगापूर_रोडवासी:
कुठल्या दिवशी? किती वाजता?

विचारते कारण माझं घर रस्त्याला लागून आहे. वडिलांची बायपास झाली आहे. रात्री साडेबाराला तुमच्यासारखं कुणीतरी गंगापूर धरणाकडून येतं, सिग्नलपाशी सायलेन्सरचे फटाके फोडतं आणि निघून जातं. बाबा दचकून उठतात आणि छातीवर हात ठेवून बसतात. मी पाणी देते, पाठ चोळते, परत झोप लागायला दोन वाजतात. तुमच्या अंगावरचा काटा आमच्या घरात असा पोचतो. गाड्यांवरची चर्चा मीही आवडीने वाचते, पण आज राहवलं नाही.

कॉलेजरोड_९:
ताई, वाईट वाटलं वाचून. पण ते बुलेटवाले असतात. प्रत्येक गोष्टीत कारवाल्यांना का धरता? डीजेची मिरवणूक गेली की कुणी बोलत नाही.

गंगापूर_रोडवासी:
मी बोलते. दर वर्षी बोलते, आणि "सणाला विरोध का" असं ऐकून घेते. तुम्ही मला डीजेचं सांगू नका. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० वाचा, सायलेन्सर बदलून आवाज वाढवला तर दहा हजारांपर्यंत दंड आहे. मी तीनदा तक्रार केली. एकदा माणूस आला, गाडीचा नंबर विचारला. अंधारात ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या गाडीचा नंबर मी खिडकीतून वाचायचा होता.

फियाट_१९७८:
विषय भरकटला, तरी लिहितो. आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. गियर स्टिअरिंगला. कसाऱ्यात तापायची, बाबा दगड लावून थांबवायचे आणि आम्ही डबडं घेऊन झऱ्यावर पळायचो. ती विकली त्या दिवशी आई फाटकात उभी राहून रडली. स्पोर्ट्स कार नव्हती, पण जीव होता की नाही सांगा.

टूलरूम_अंबड:
फियाटवाले, तो तुमच्या घराचा जीव. गाडीत तुम्ही ठेवलेला. आई रडली ती खरी, पण पद्मिनीच्या जागी दुसरी कुठली गाडी असती तरी रडल्या असत्या. इथे प्रश्न बनवणाऱ्याने आत काय ठेवलं याचा आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की सातपूरकरांसारखे लोक म्हणतात सगळं आठवणींचं आहे, आणि तेव्हा त्यांचं चुकत नाही.

छत्तीस वर्षं टूलरूममध्ये होतो. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल, ते लिहिलेलं असतं. त्यात बसलं की माल पास. पण काही लोक त्याच्याही आत काम करतात, कुणी मागितलेलं नसताना. कॉस्टिंगवाले विचारतात, याची गरज काय? उत्तर देता येत नाही, कारण तपासणीच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. होंडाने १९९०च्या एनएसएक्स या स्पोर्ट्स कारच्या इंजिनात टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड (पिस्टनचे दांडे) घातले, ८,००० आरपीएमपर्यंत इंजिन मोकळं फिरावं म्हणून. जपानमधल्या सुझुका ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या आयर्टन सेनाने प्रोटोटाइप चालवून ती जरा नाजूक वाटते म्हटलं, तर त्यांनी चासी (गाडीचा सांगाडा) आणखी कडक केली. सातपूरकर, कडकपणा आकड्यात आहे, मान्य. पण कुठला आकडा अजून वाढवायचा हे एका माणसाच्या पाठीने सांगितलं. मोजमाप नंतर आलं.

सातपूरकर:
हे पटतंय, आणि पटलं म्हणून राग येतोय. काय मोजायचं हे माणूस ठरवतो, हा मुद्दा मी मांडायला हवा होता. पण मग इलेक्ट्रिकला जीव नाही हे कुठून आलं? तिथेही माणसंच ठरवतात.

मोहदरी_घाट:
ठरवतात, पण काय? ह्युंदाईने आयोनिक ५ एनमध्ये खोटे गियर घातले, सॉफ्टवेअरने धक्का देणारे, स्पीकरमधून आवाज. म्हणजे त्यांनाही कळलं की काहीतरी हरवलंय, आणि त्याची नक्कल केली. नकलेला मी जीव म्हणणार नाही.

सातपूरकर:
चालवलीय का तुम्ही ती?

मोहदरी_घाट:
नाही.

सातपूरकर:
मग थांबा. चालवल्यावरच कळतं, हेच तर तुमचं म्हणणं होतं.

मोहदरी_घाट:
ठीक. चालवेपर्यंत त्या एका गाडीबद्दल गप्प. वजनाबद्दल गप्प बसणार नाही. दोन टनांच्या वर गेलेल्या गाडीला वळणावर जे करावं लागतं ते मोटर कितीही ताकदवान असली तरी टायरलाच भोगावं लागतं.

जिप्सीवाला:
आणि आवाज?

टूलरूम_अंबड:
आवाजाचंच सांगतो, कारण वर दोघं त्यावर भांडताहेत. कॉलेजरोड, तुम्ही एलएफएचं उदाहरण दिलंत पण अर्धं. यामाहाने इंजिनच्या हवा घेणाऱ्या बाजूकडून, इनटेककडून, केबिनमध्ये वाटा काढल्या, तो नाद चालवणाऱ्याच्या कानापर्यंत नीट यावा म्हणून. वाद्याची पोकळी जशी ठरवून कोरतात तशी. तुम्ही अडतीस हजारांत काय केलंत? मधला अडसर काढलात आणि उरलेला गोंगाट मागे, रस्त्यावर सोडलात. तुम्ही काचा लावून एसीत बसता आणि खरा आवाज त्या ताईंच्या वडिलांना ऐकू जातो. जिप्सीवाल्यांचा ड्रायव्हर गाडी ऐकत होता. तुम्ही ऐकवताय.

कॉलेजरोड_९:
काका, हे लागलं. पंचवीस हजार पगारातून साठवून केलेलं काम आहे, तुम्ही दोन ओळींत गोंगाट म्हणालात. आमच्या पिढीला एनएसएक्स परवडणार नाही, एमएक्स-५ भारतात विकली जात नाही. गोव्यात सॅन स्टॉर्म ही छोटी स्पोर्ट्स कार बनायची, ती बंद पडली. फोक्सवॅगनची पोलोही २०२२ला बंद. आम्ही जीव आणायचा कुठून? हातात जे आहे त्यातच शोधणार ना!

मोहदरी_घाट:
हे मात्र खरं आहे. माझ्याकडे फियाट पालिओ १.६ आहे, शंभर बीएचपीची. मागच्या सस्पेन्शनचे रबरी बुश मिळायला पाच महिने लागले, आणि गॅरेजवाल्याने दुसऱ्याच गाडीचे ठोकून बसवले होते ते मी स्वतः खाली झोपून काढले. तुझे पैसे पुढच्या वेळी चांगले शॉक अॅब्सॉर्बर आणि टायर यांवर घाल. मोहदरीच्या वळणावर फरक कळेल, आणि कुणाची झोप जाणार नाही. पहाटे लवकर ये, मी पालिओ देतो चालवायला.

कॉलेजरोड_९:
येईन. एक्झॉस्ट आत्ता काढणार नाही, स्पष्ट सांगतो. पण ताई, रात्री अकरानंतर गंगापूर रोडने येणार नाही. मखमलाबादकडून फिरून जाईन.

गंगापूर_रोडवासी:
मखमलाबादलाही माणसं राहतात. आणि अकरा नाही, दहा. कायद्याने रात्र दहाला सुरू होते आणि बाबांना गोळी साडेनऊला देते.

कॉलेजरोड_९:
दहा.