सीआरएमला कॅलेंडर जोडलं तर त्याला 'सिंक' म्हणायचं का?

मंडळी, एक शंका आहे. ऑनलाइन कॅलेंडर आणि सीआरएम, म्हणजे ग्राहकांचे कॉन्टॅक्ट सांभाळायचं सॉफ्टवेअर, हे दोन्ही झॅपियर, मेक असल्या टूलने जोडायचं असलं की सगळे सर्रास 'सिंक कर' म्हणतात. मी टीमसाठी मराठीत सूचना लिहायला घेतल्यात आणि पहिल्याच ओळीत अडलोय. सिंक, ट्रिगर, वेबहुक, मॅपिंग, यांना तुम्ही काय लिहिता? समकालन वगैरे नको प्लीज, ते वाचून कोणी हातसुद्धा लावणार नाही.

*

आधी ते सिंक आहे का ते बघा, बहुतेक वेळा नसतं. कॅलेंडरमधे मीटिंग पडली की सीआरएममधे नोंद होते, बास, सगळा एकतर्फी कारभार. मीटिंग पुढे ढकलली किंवा रद्द केली तर पलीकडची नोंद तशीच पडून राहते, कारण 'नवीन इव्हेंट' हा एक ट्रिगर (म्हणजे जे घडलं की टूल कामाला लागतं ते), 'बदललेला' हा दुसरा आणि 'रद्द झालेला' तिसरा, आणि आपण लावलेला असतो फक्त पहिला. सूचनेत 'सिंक केलंय' लिहिलंत की वाचणारा समजतो दोन्हीकडे सारखंच दिसतंय आणि मग सेल्सवाला रद्द झालेल्या कॉलची वाट बघत बसतो. माझं म्हणणं, एकाच दिशेने जात असेल तर सरळ 'नोंद जाते' लिहा, दोन्हीकडून ये-जा असेल तरच सिंक.

*

+१. दोन्हीकडून असेल तर 'मेळ' पण चालेल, 'मेळ बसत नाहीये' म्हटलं की हिशेबवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

ट्रिगरला 'कळ' मात्र नका लिहू. कळ माणूस दाबतो, इथे कोणी काही दाबत नाही, काहीतरी घडतं आणि त्या निमित्ताने पुढचं काम होतं. मी 'निमित्त' लिहितो.

*

निमित्त वाचून पत्रिका आल्यासारखं वाटतं 😄 ट्रिगरच ठेवा हो, स्क्रीनवर तेच लिहिलेलं असतं, माणूस 'निमित्त' कुठे शोधत बसणार.

*

वेबहुकला माझं मत 'वर्दी'. वेबहुक हा शब्द इंग्रजीतसुद्धा तसा नवाच, जेफ लिंडसे यांनी 2007 मधे रूढ केला. पोलिंग म्हणजे टूल ठरावीक वेळाने स्वतः जाऊन डोकावतं, नवीन काही आहे का, आणि वेबहुकमधे समोरचा आपणहून कळवतो. 'लगेच का नाही आलं' या तक्रारीचं उत्तर बरेचदा एवढंच असतं की तिथे डोकावणं आहे, वर्दी नाही.

गूगल कॅलेंडरला तर 'वर्दी' हा शब्द फारच चपखल बसतो. त्याच्या एपीआयकडून (म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरने त्याच्याशी बोलायची सोय) जे नोटिफिकेशन येतं त्यात इव्हेंटचा मजकूर नसतोच, फक्त काहीतरी बदललंय एवढीच वर्दी, काय बदललं ते आपण परत जाऊन विचारायचं, मागच्या वेळी मिळालेलं सिंक टोकन, म्हणजे 'इथपर्यंतचं नेलंय' अशी खूण, दाखवून. टोकन बाद झालं की 410 एरर येतो आणि सगळं पहिल्यापासून आणावं लागतं. वर त्या वर्दीच्या चॅनलला मुदत असते, ती आपोआप वाढत नाही, संपली की वर्द्या गुपचूप बंद. तयार टूल वापरलं तर हे सगळं तेच बघतं, स्वतः कोड लिहिणाऱ्याने मात्र लक्षात ठेवायचं.

*

मॅपिंग = रकाने जुळवणं. आणि खरी भांडणं इथेच होतात. इव्हेंटच्या नावात 'रमेश कॉल' लिहिलेलं असतं, त्यावरून कॉन्टॅक्ट शोधायला गेलात तर दुबार नोंदींचा ढीग होईल, त्यामुळे ओळख पटवायची ती पाहुण्याच्या ईमेलवरूनच, आणि 'तयार कर' ऐवजी 'शोध, नसेल तरच तयार कर' ही पायरी घ्या. पाहुण्यांच्या यादीतून स्वतःच्या ऑफिसचे ईमेल गाळा, नाहीतर तुमचीच टीम ग्राहक म्हणून नोंदली जाते.

अजून एक, दर सोमवारची मीटिंग ही 'मालिका' आणि त्यातला एकेक सोमवार ही 'खेप', हे दोन शब्द वेगळे ठेवाच. गूगलमधे इव्हेंटला दोन ओळखक्रमांक असतात, सगळ्या खेपांचा आयकॅल यूआयडी एकच असतो, आयडी मात्र प्रत्येक खेपेचा वेगळा. यूआयडीवर जुळवलंत तर दर आठवड्याला तीच एक नोंद खोडून वर नवीन लिहिली जाईल आणि मागचा इतिहास साफ. दिवसभराच्या इव्हेंटला वेळ नसतेच, नुसती तारीख, तोही रकाना रिकामा येतो आणि झॅप, म्हणजे झॅपियरमधे लावलेली जोडणी, अडकतो.

*

आभार सगळ्यांचे. मग बदललेला आणि रद्द झालेला हे ट्रिगरही लावून असं लिहितोय: 'कॅलेंडरमधून सीआरएममधे नोंद जाते, उलट येत नाही. मीटिंग बदलली किंवा रद्द झाली तरी तीच नोंद बदलते. ओळख ईमेलवरून.' ट्रिगर आहे तसाच ठेवला, वर्दी घेतली, खेपसुद्धा घेतली.

*

'मीटिंग बदलली' ऐवजी 'मीटिंगची वेळ बदलली' करा. नाहीतर कोणीतरी पाहुणा बदलेल आणि जुन्याच माणसाच्या नावावर नोंद शोधत बसेल.