ऋतूंनुसार बाग आखायची आहे, कल्पना कुठून घ्यायच्या? (धुळे)

प्रश्न: घरापुढे २०×१५ फूट जागा, काळी माती. हिवाळ्यात बाग छान दिसते, मे महिन्यात उजाड. बाराही महिने काही ना काही फुललेलं हवं.

यावलहून: भाऊ, आधी सातपुडा बघा. होळीच्या सुमारास पळस आणि काटेसावर, एप्रिल-मेमध्ये बहावा, पावसाळ्यात कुंपणावर चढणारी कळलावी. कुठल्या महिन्यात कुठला रंग, ते वहीत टिपा. हाच तुमचा आराखडा. एवढ्या जागेत झाड एकच लावा, बहावा, तोही भिंतीपासून १० फुटांवर. कळलावीचा कंद जहाल विषारी असतो. घरात लहान मूल असेल तर नकोच.

चोपड्याहून: काळ्या मातीत झाडं उन्हापेक्षा पावसाळ्यात जास्त मरतात. पाणी साचतं, मुळं कुजतात. म्हणून वाफे ९ इंच उंच करा, मातीत पोयटा आणि शेणखत मिसळा. मार्चपासून ३ इंच गव्हाच्या काडाचं आच्छादन द्या, म्हणजे भेगा पडून मुळं तुटत नाहीत. खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी लागते.

शहाद्याहून: दसऱ्याला झेंडू हवा तर जुलैच्या मध्यात बी टाका, २५ दिवसांनी रोपं लावा, महिन्याभरात शेंडा खुडा. शेवंती रस्त्यावरच्या दिव्याखाली लावू नका, ताई-भाऊंनो! तिला कळी धरायला लांब, अंधारी रात्र लागते. उजेडात नुसता पाला वाढतो.